सहा किलो नऊशे नव्वद

कुंदाताई मोहिते मला पहिल्यांदा भेटल्या त्या जिन्यात. सिंगापूरला, बुकित पंजांगच्या आमच्या इमारतीत जिना वापरतात ते सिगारेट ओढणारे आणि मांजरं. बाकी सगळे लिफ्टने जातात. त्या संध्याकाळी मला चौथ्या मजल्यावरून पाचव्यावर एका शेजारणीला चावी द्यायला जायचं होतं, एकाच मजल्यासाठी लिफ्टची वाट कशाला बघायची म्हणून मी जिन्याने निघाले. खालून पन्नाशी उलटलेली एक बाई येत होती. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, पायात जाड बूट आणि पाठीवर डोक्याच्या वर जाणारी बॅग. पायरीवर बसून सिगारेट ओढणाऱ्या चिनी काकांनी त्यांना इथल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "आँटी, लिफ्ट स्पॉइल आ?"

"लिफ्ट ओके लाह," त्या न थांबता म्हणाल्या. "आँटी स्पॉइल."

काकांना ठसका लागला. मी हसले, तशी त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "ही बॅग धर गं जरा. बुटाची नाडी सुटलीय. बॅगेसकट वाकले तर मला उठवायला दोन माणसं लागतील."

बॅगेत पाच किलो तांदूळ होता. त्या आठव्या मजल्यावर राहत, पण चढत सोळाव्यापर्यंत, रोज दोनदा. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाल्या, "जपानला जायचंय. चालत."

"इथून चालत?"

"तिथे गेल्यावर चालत. एवढी काही मी वेडी नाही."

जुरोंग ईस्टला एका दाताच्या दवाखान्यात त्या एकोणीस वर्षं काउंटरवर होत्या. साताऱ्याकडच्या. यजमान जहाजदुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते फार बोलत नसत. मी त्यांना भावोजी म्हणू लागले. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यात दाढ काढायला आलेला माणूस घाबरला की डॉक्टर कुंदाताईंना आत बोलवायचे. त्या पेशंटचा हात धरायच्या आणि सकाळी हॉकर सेंटरला काय खाल्लं ते विचारायच्या. तोंडात नळी असलेला माणूस उत्तर देणार कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं. "उत्तर कुणाला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "तो आठवत बसतो, तोवर दाढ निघते."

त्याच दवाखान्यात एक जपानी बाई येत. त्यांनी कुंदाताईंना शिकोकू बेटावरच्या यात्रेबद्दल सांगितलं. बेटाभोवती अठ्ठ्याऐंशी देवळं, पायी सगळी करायची तर दीडेक महिना लागतो. पांढरा अंगरखा घालायचा, हातात काठी घ्यायची, वाटेत यात्रेकरूंसाठी असलेल्या वसतिगृहांत उतरायचं. फोटोही दाखवले. त्या दिवसापासून कुंदाताई तांदूळ घेऊन जिना चढायला लागल्या.

मी जहाजकंपनीत मालाचं वेळापत्रक बघते. कुठला कंटेनर कुठल्या दिवशी कुठे, हे माझं काम. त्यामुळे ही बाई नुसता तांदूळ पाठीवर घेऊन परदेशी निघाली आहे, नकाशा नाही, आरक्षण नाही, हे मला बघवेना. "मी येते बरोबर," असं मी कधी म्हणाले ते आठवत नाही. पण दीडेक महिन्याऐवजी आठ दिवस, अठ्ठ्याऐंशीऐवजी पहिली वीस देवळं, रोजचे किलोमीटर, मुक्काम, बस, सगळं एका तक्त्यात बसवून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून तो तक्ता वाचला.

"छान केलंयस. आणि यात नाही त्याचं काय करायचं?"

"यात नाही असं काही नाही," मी म्हणाले.

पुढे हे त्यांचं नेहमीचंच झालं. मी औषधांची यादी करावी, कपड्यांची करावी, त्यांनी ती नीट वाचावी आणि तेच विचारावं. मला ती थट्टा वाटायची.

सहा महिने आम्ही दर रविवारी जुन्या रेल्वेच्या वाटेने चाललो. रूळ उखडून नेले होते, मातीची सरळ वाट राहिली होती. बुकित तिमाहपर्यंत जायचं, कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, प्यायची, परत यायचं. एकदा माझ्या धाकट्याची परीक्षा आणि मोठीचा ताप यांत माझे दोन रविवार बुडाले. तिसऱ्या रविवारी मी वैतागून म्हणाले, "तुमचं बरं आहे, कुंदाताई. मुलंबाळं नाहीत, बॅग भरली की निघालात."

"हो ना," त्या म्हणाल्या. "फारच बरं आहे." पुढचा बराच वेळ त्या माझ्या चार पावलं पुढे चालल्या. मला वाटलं, आज वेग वाढवायचा विचार आहे.

२०१४ च्या नोव्हेंबरात आम्ही निघालो. स्वस्तातलं विमान, हातातलं सामान फक्त सात किलो. सकाळी मी लटकवायचा काटा घेऊन आठव्या मजल्यावर गेले. भावोजी पेपर आणायला खाली गेले होते, कुंदाताई आंघोळीला. बॅग काट्याला अडकवली. सात किलो ऐंशी ग्रॅम. मी बॅग उघडली आणि यादी हातात घेऊन एकेक वस्तूवर खूण करत तळापर्यंत गेले. तळाशी प्लास्टिकची पिशवी होती, आत घडी घातलेलं जुनं लाल कापड. यादीत नव्हतं. पुसायला घेतलं असेल असं वाटलं. पुसायला टॉवेल होता. पिशवी काढून मी चपलांच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आणि पुन्हा वजन केलं. सहा किलो नऊशे नव्वद. मला फार समाधान वाटलं. तेवढ्यात टॅक्सीचा फोन आला, आणि सांगायचं राहून गेलं.

पहिले चार दिवस कुंदाताईंइतकं आनंदी माणूस त्या बेटावर नसेल. भातशेतातून, घरांच्या मागच्या अंगणांतून वाट जायची. अनोळखी बायका पुढे येऊन संत्री हातात ठेवायच्या, आणि कुंदाताई प्रत्येकीशी मराठीत बोलायच्या. "एवढी कशाला गं बाई, तुमच्या पोरांना ठेवा." त्या बायकांना कळल्यासारखंच वाटायचं. पुलावर काठी टेकवायची नाही असा तिथला नियम. या वाटेचा जो गुरू, तो पूर्वी एकदा पुलाखाली झोपला होता म्हणे, त्याची झोप मोडू नये म्हणून. कुंदाताई पूल आला की काठी तान्ह्या बाळासारखी आडवी धरायच्या. हे तेव्हा मी नुसतं बघितलं.

पाचव्या दिवशी डोंगरातल्या एका गावात मुक्काम होता. वसतिगृह म्हणजे बंद पडलेली प्राथमिक शाळा. गावात मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, आणि तिथलेच एक निवृत्त शिक्षक आता तिथे यात्रेकरूंना उतरवून घेत. आम्ही दारात पोचलो तेव्हा चार वाजले होते, पाय लाकडासारखे झाले होते. मी बूट काढायला वाकले तर त्या गुरुजींनी हात करून थांबवलं. आधी आमच्या काठ्या घेतल्या, नळाखाली त्यांची टोकं धुतली, पंच्याने पुसली आणि वर्गाच्या कोनाड्यात नेऊन उभ्या केल्या. मग आमच्याकडे वळले. फोनवरच्या भाषांतरातून कळलं ते असं: काठी म्हणजे बरोबर चालणारा गुरू. मुक्कामाला आलं की आधी त्याचे पाय धुवायचे, मग आपले.

"बरोबर आहे," कुंदाताई म्हणाल्या. "पाहुणा आधी." आणि पाय धुवायला गेल्या. नळ लहान मुलांच्या उंचीचे होते, गुडघ्याच्या जरा वर. त्या खाली बसल्या आणि बराच वेळ नुसत्या त्या ओळीकडे बघत राहिल्या. बारा नळ होते. मी मोजले, कारण गरम पाण्याचा कुठला ते शोधत होते.

वर्गातच गाद्या घातल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशीचा तक्ता काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "नीलू, उद्या मला तासभर पाहिजे. देवळामागे एक उतार आहे. तिथे जायचंय."

"उद्या एकवीस किलोमीटर आहेत, कुंदाताई. त्यात घाट. तास कुठून काढू?"

"काढ. आजवर तुझ्याकडे काही मागितलंय का?"

मी तक्ता मिटला. त्यांनी बॅग ओढली आणि एकेक वस्तू बाहेर काढून गादीवर ठेवायला लागल्या. कपडे. औषधं. बॅटरी. मोजे. बॅग रिकामी झाली, तरी त्यांचा हात आत फिरत राहिला. मग त्यांनी बॅग उलटी केली.

"माझी एक पिशवी होती. लाल."

"ती मी काढली," मी म्हणाले. "ऐंशी ग्रॅम जास्त होत होतं. यादीत नव्हती म्हणून..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कशी सांगू? रागाची असती तर बरं झालं असतं.

"कुंची होती ती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. उलट्या बॅगेवर हात ठेवून, दवाखान्यात कुणाला पुढची तारीख सांगावी तशा आवाजात. सव्वीस वर्षांपूर्वी, सिंगापूरला नव्याने आल्या होत्या तेव्हा, त्यांना मुलगी झाली. तीन दिवस होती. "ओटीतल्या लाल खणाची कुंची शिवली होती मी. सातव्या महिन्यातच. आधी शिवायची नसते म्हणतात. इथे कोण होतं गं सांगायला? आईचं पत्र आलं, आधी काही शिवू नकोस म्हणून, तेव्हा गोंडेसुद्धा लावून झाले होते." "मी हॉस्पिटलमध्येच होते, यांनी एकट्याने सगळं उरकलं," त्या म्हणाल्या. "कुठे नेलं, कसं, यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही." कुंची कपाटात राहिली.

त्या जपानी बाईंनी दाखवलेल्या फोटोंत हा उतार होता. गेलेल्या मुलांचा सांभाळ करणारा देव, त्याच्या हातभर उंचीच्या शेकडो दगडी मूर्ती, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर कुणीतरी घातलेली लाल टोपी. "थंडी वाजू नये म्हणून घालतात म्हणे," कुंदाताई म्हणाल्या. "मला वाटलं, माझी तिथे चालेल."

मी फोन उचलला. भावोजींना सांगते, कुरियर करतील, तीन दिवसांत येईल, आपण मुक्काम वाढवू, बस बदलू. मी बोलत सुटले होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि गादीवर पालथा ठेवला.

"यांना काय सांगणार? या घरात सव्वीस वर्षं तो विषय निघालेला नाही. तो तू फोनवर काढणार?" मग बॅग सरळ करत म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. मी सांगितलंच नव्हतं."

गुरुजींना काय कळलं कोण जाणे. जेवणानंतर ते एक पेटी घेऊन आले. त्यांच्या बायकोने विणलेल्या लहान लाल टोप्या होत्या, यात्रेकरूंना द्यायला ठेवलेल्या. त्यांनी दोन्ही हातांनी एक पुढे केली. कुंदाताईंनी दोन्ही हातांनी ती घेतली, कपाळाला लावली आणि परत पेटीत ठेवली. "यांना सांग, टोपी फार सुंदर आहे," त्या मला म्हणाल्या. "पण तिची शिवून तयार आहे."

सकाळी आम्ही उतारावर गेलो. एक तास नाही, तीन तास बसलो. एकवीस किलोमीटर बसने केले. निघताना कुंदाताईंनी एका मूर्तीवर हात ठेवला. तिची टोपी वाऱ्याने गेली असावी. "ही. पुढच्या वर्षी. लिहून ठेव." मी लिहिलं: तिसरी ओळ, डावीकडून सातवी, उजव्या कानावर शेवाळ.

सिंगापूरला परत आलो तेव्हा दुपार होती. टॅक्सीतून उतरून सवयीने मी वर बघितलं. आठव्या मजल्याच्या खिडकीबाहेर, कपडे वाळवायच्या बांबूवर, भावोजींच्या दोन शर्टांच्या मधे काहीतरी लहानसं लाल वाळत घातलं होतं. दोन चिमटे लावून. कुंदाताईंनीही बघितलं. त्यांनी बॅग तिथेच ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना लिफ्टकडे धावताना पाहिलं.

भावोजींना ती पिशवी आम्ही निघालो त्याच संध्याकाळी चपला काढताना सापडली होती. त्यांना वाटलं, बायकोने ती मुद्दाम त्यांच्यासाठी बाहेर काढून ठेवली आहे. काय करायचं ते त्यांना कळेना. रोज ती घेऊन बसायचे. आठव्या दिवशी त्यांनी ती हाताने धुतली.

"काल रात्रभर बोललो," दुसऱ्या संध्याकाळी जिन्यात कुंदाताई मला म्हणाल्या. "तुला माहितीये, तेव्हा फॉर्मवर नाव लिहावं लागलं यांना. सव्वीस वर्षं मला ठाऊक नाही, माझ्या मुलीला नाव आहे." नाव त्यांनी मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वर्षी तिघांनी जायचं ठरलं. भावोजीही दोन किलो तांदूळ घेऊन जिना चढायला लागले. सिगारेटवाल्या काकांनी विचारलं, "अंकल ऑल्सो स्पॉइल आ?" मी तीन जणांचा नवा तक्ता केला, आणि त्यात उतारासाठी पूर्ण दिवस ठेवला.

मार्चमध्ये एका संध्याकाळी कुंदाताई अकराव्या मजल्यावर बसल्या आणि उठल्या नाहीत. तपासण्या झाल्या. आजार पोटात होता आणि बराच पसरला होता. डॉक्टरांनी महिने सांगितले तेही बोटांवर. मी फाइल केली. औषधांच्या वेळा, नर्सचे नंबर, कुणी कधी जेवण आणायचं ते. कुंदाताई पडल्यापडल्या फाइल चाळायच्या आणि मिटून ठेवायच्या. आता विचारायच्या नाहीत. मीच एकदा म्हणाले, "विचारा की, यात नाही त्याचं काय करायचं."

"नको," त्या म्हणाल्या. "रडशील."

जुलैमध्ये त्यांचं खाणं सुटलं. एक दिवस भावोजी हॉस्पिटलच्या कँटीनला गेलेले बघून मी सांगितलं, मी रजा टाकली आहे, परवाचं तिकीट काढते, कुंची घेऊन जाते आणि चार दिवसांत परत येते. तिसरी ओळ, डावीकडून सातवी. वही माझ्या पर्समध्येच होती.

त्यांनी मान हलवली. "आता कशाला तेवढ्या लांब? मीच जातेय ना. मीच घालते तिला."

मी तरी पर्समधून वही काढायला लागले. त्यांनी माझं मनगट धरलं, दवाखान्यात पेशंटचं धरायच्या तसं.

"बॅगेतून तू काढलीस ना? मग आता तूच भरायची. बघ हं, विसरशील."

पाच दिवसांनी त्या गेल्या.

मंडाईच्या स्मशानगृहात नेण्याआधी आम्ही त्यांना यात्रेचा तो पांढरा अंगरखा घातला. शिकोकूकडे तशी पद्धत आहे. भावोजींनी त्यांची यात्रेतली काठीही आणली होती, पण शवपेटीत ती मावेना. तिथल्या माणसाने तिरपी घालून बघितली, मग खेद वाटत असल्यासारखी परत दिली. भावोजींनी पिशवी माझ्या हातात ठेवली. मी कुंची बाहेर काढली. घडी उलगडलेली ती मी जवळून पहिल्यांदाच बघत होते. झालर हाताने घातलेली, टाके बारीक आणि सारखे, चार गोंडे, एक जरा सैल. तो घट्ट बांधला. मग कुंची त्यांच्या दोन्ही हातांच्या खाली ठेवली, वरून बोटं नीट केली आणि पुन्हा एकदा बघितलं, आहे ना.

परत आलो तेव्हा मी पुढे होऊन आठव्या मजल्यावर दाराबाहेर बादलीत पाणी ठेवलं, स्मशानातून आल्यावर पाय धुवायला ठेवतात तसं. मी तांब्या भरून भावोजींच्या पायांवर ओतायला गेले. त्यांनी पाय मागे घेतला आणि हातातली काठी पुढे केली.

"आधी हिचे," ते म्हणाले.

मी काठीच्या टोकावर पाणी ओतलं. त्यांनी ते आपल्या रुमालाने पुसलं, आत जाऊन काठी कोपऱ्यात उभी केली आणि परत दाराबाहेर येऊन पाय पुढे केले.